किट लेन्स घेऊन सातपाटी ते चिंचणी

मिररलेस कॅमेऱ्यासोबत जी छोटी झूम लेन्स येते, तिला सगळे किट लेन्स म्हणतात, आणि बरेचजण वर्षभरात ती कपाटात टाकतात. ‘आता चांगली लेन्स घ्यायला हवी’ हे वाक्य पालघर-बोईसरकडच्या हौशी मंडळींच्या तोंडी नेहमी असते. मला ते पटत नाही. आपल्या किनाऱ्यावर माणसे हाताच्या अंतरावर काम करत असतात. बंदरावर, बाजारात, अंगणातल्या कामाच्या खोलीत मोठे नळकांडे पुढे केले की समोरचा आखडतो. शे-दीडशे ग्रॅमची लेन्स असली की बोलणे थांबत नाही.

या लेन्सकडून चांगले काम करून घ्यायला एकच सवय लागते. आधी फोकल लेंथ ठरवायची, मग पावले टाकायची आणि सगळ्यात शेवटी बटण दाबायचे. बहुतेकजण उभे असतात तिथूनच रिंग फिरवून चौकट भरतात. मग सगळे फोटो एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून काढल्यासारखे दिसतात आणि दोष लेन्सला लागतो. ही सवय कशी लावायची ते एका दिवसाच्या वाटेवर सांगतो. सकाळी सातपाटी, उन्हे वर आली की शिरगाव, दुपारी बोईसर, आणि संध्याकाळी चिंचणी.

साहित्य

कॅमेरा आणि त्याची छोटी झूम लेन्स. नावे बरीच आहेत: सोनीची १६-५० पॉवर झूम (जुनी ११६ ग्रॅम, २०२४ ची नवी १०७ ग्रॅम), निकॉन झेड डीएक्स १६-५० (१३५ ग्रॅम), कॅननची आरएफ-एस १८-४५ (१३० ग्रॅम), फुजीची एक्ससी १५-४५ (१३५ ग्रॅम), पॅनासॉनिकची १२-३२ (अवघी ७० ग्रॅम). फुल फ्रेमवाल्यांकडे सोनी २८-६० किंवा निकॉन २४-५० असेल. यातली कुठलीही चालेल.

सोबत हवा मारायचा रबरी पंप, मायक्रोफायबरची दोन फडकी, एक जास्तीची बॅटरी, झिपची जाड प्लास्टिक पिशवी आणि त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक. ट्रायपॉड लागणार नाही.

कृती

१. घरी बसून लेन्स हाताला ओळखीची करा. या लेन्स मिटणाऱ्या असतात. निकॉन, कॅनन आणि सोनी २८-६० या लेन्सची रिंग फिरवून नळी बाहेर काढावी लागते. नाही काढली तर पडद्यावर सूचना येते आणि फोटो निघत नाही. सोनी १६-५० आणि फुजी १५-४५ मोटरवर चालतात. कॅमेरा चालू केला की नळी आपोआप बाहेर येते, बंद केला की आत जाते आणि तुम्ही ठरवलेली फोकल लेंथ विसरते. हे लक्षात असू द्या, कारण बॅटरी वाचवायला मध्येच कॅमेरा बंद केलात की पुन्हा रुंद टोकापासून सुरुवात करावी लागेल. मोटरची लेन्स पिशवीत असताना चुकून कॅमेरा चालू झाला तर नळी कापडाला रेटत राहते. म्हणून पिशवीत ठेवण्याआधी स्विच बंद आहे ना, ते बोटाने चाचपून पाहा.

आता लेन्सवर तीन जागा पक्क्या करा. १६-५० असेल तर १६, साधारण ३० आणि ५०. छोट्या सेन्सरच्या सोनी, निकॉन, फुजी कॅमेऱ्यांवर दीडने गुणले की हे आकडे फुल फ्रेमच्या भाषेत २४, ४५ आणि ७५ होतात. कॅननला १.६ ने गुणायचे, पॅनासॉनिक-ऑलिंपसच्या मायक्रो फोर थर्ड्सला दोनने. म्हणजे १२-३२ लेन्स ही २४-६४ झाली. आकडेमोड एकदाच करा आणि सोडून द्या. खरा अभ्यास पुढचा आहे: खोलीच्या दारात उभे राहा, एक जागा मनात धरा आणि कॅमेरा डोळ्याला न लावता सांगा की चौकटीची डावी-उजवी कड कुठे येईल. मग व्ह्यूफाइंडरमधून ताळा करा. आठवडाभर येताजाता हे केले की डोळ्यालाच चौकट दिसू लागते.

२. कॅमेरा लावून ठेवा, म्हणजे बंदरावर बटणे शोधावी लागणार नाहीत. मोड अॅपर्चर प्रायॉरिटी. ऑटो आयएसओ चालू, वरची मर्यादा ६४००, आणि कमीत कमी शटर स्पीड १/१२५. फोकस सतत चालणारा, चेहरा ओळखणारी सोय चालू. फाइल रॉ आणि जेपेग दोन्ही. लेन्सची दुरुस्ती मेनूत ‘ऑटो’वर असू द्या. या लेन्स इतक्या छोट्या होतात त्याचे एक कारण असे की रुंद टोकाला सरळ रेषेला येणारा बाक काचेने नाही, तर कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने काढायचा असतो. रॉ फाइल संगणकावर उघडताना तिथेही लेन्सचे प्रोफाइल लावा. ते नसले की क्षितिज वाकडे दिसते आणि कोपरे काळवंडतात, त्यात तुमचा हात चुकलेला नसतो.

अॅपर्चर उघड्यावर एफ/८. एफ/१६ ला डिफ्रॅक्शनने सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/५.६ लाच थांबलेले बरे.

३. वेळ पाहून निघा. सातपाटीची खाडी गाळाने भरत आली आहे. ओहोटीला बोटी चिखलात टेकतात, भरतीला आत येतात. म्हणजे घड्याळापेक्षा भरती महत्त्वाची. सकाळी भरती असलेला दिवस निवडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. तोही विषय चांगला, पण वेगळा. मासळीची खरी धांदल नारळी पौर्णिमेनंतर.

दुसरे, आपला समुद्र पश्चिमेला. सकाळचे ऊन जमिनीकडून येते आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर तुमच्या पाठीवरून बोटींवर पडते; रंग भरून येतात. संध्याकाळी सूर्य बोटींच्या मागे जातो आणि उरतात आकृत्या. रंग हवे असतील तर सकाळ, आकार हवे असतील तर संध्याकाळ. पालघर स्टेशनाहून सातपाटी दहा किलोमीटरच्या आत आहे, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. उजाडता उजाडता पोचायला हवे.

४. सातपाटीला रुंद टोक वापरा, आणि जवळ जा. इथे ही लेन्स सगळ्यात जास्त देते, म्हणून इथे वेळ काढा.

पहिला अर्धा तास कॅमेरा गळ्यात राहू दे. बोट लागते कुठे, टोपल्या कोण उतरवते, बर्फ कुठून येतो, बोली कुठे लागते ते पाहा. सातपाटी पापलेटसाठी प्रसिद्ध आहे. इथल्या मच्छीमार सहकारी संस्था पापलेट वजनाप्रमाणे प्रत लावून घेतात. ती प्रतवारी, ते वजनकाटे, चमकणाऱ्या माशांच्या रांगा हे सगळे मीटरभराच्या अंतरात घडते. लांबून झूम करून काढले तर समोर पाठीच पाठी येतात.

मग परवानगी. बसलेल्या बाईसमोर थोडे वाकून, ‘मावशी, काम चालू असताना दोन फोटो काढू का?’ एवढे पुरते. नको म्हणाल्या तर हात जोडून पुढे. हो म्हणाल्या तर लेन्स १६ वर आणा, अॅपर्चर एफ/८ आणि फोकस साधारण दीड-पावणेदोन मीटरवर. छोट्या सेन्सरवर १६ मिमी आणि एफ/८ ला एवढ्याने जवळजवळ पाऊण-एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. पुढे टोपलीतले पापलेट, मध्ये मावशींचे हात, मागे खाडीतल्या बोटी आणि त्यांचे झेंडे हे तिन्ही थर एका चौकटीत बसवायला रुंद टोकासारखे दुसरे साधन नाही. पुढची वस्तू मात्र खरोखर पुढे हवी. टोपली तीन मीटरवर असेल तर १६ मिमीवर ती बशीएवढी दिसते आणि चौकटीचा खालचा अर्धा भाग नुसता ओला सिमेंट. म्हणून गुडघा टेका, टोपली चौकटीच्या खालच्या कडेला लागेपर्यंत पुढे सरका.

माणसाचा चेहरा या टोकाला चौकटीच्या कडेला ठेवू नका. डोके ताणल्यासारखे होते. चेहरा मध्यावर किंवा मध्याच्या आसपास, कडेला वस्तू.

ओले पापलेट आरशासारखे चमकतात. आजूबाजूला गडद निळ्या-काळ्या बोटी असल्या की कॅमेऱ्याचे मीटर उजेड वाढवते आणि माशाची पाठ पांढरीफेक होते. मग रॉमधूनही काही परत मिळत नाही. एक्स्पोजर ०.७ ने कमी करा, हिस्टोग्रामची उजवी कड मोकळी आहे ना ते पाहा, सावल्या नंतर घरी उचला. टोपल्या फेकाफेकीचा क्षण हवा असेल तर कमीत कमी शटर १/५०० करा. तो झाला की पुन्हा १/१२५ वर आणायला विसरू नका, नाहीतर पुढचा सगळा दिवस आयएसओ उगाच वर राहील.

बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या पाहिल्या की रिंग आपोआप रुंद टोकाकडे जाते. इथे मात्र थांबा. रुंद टोकाला पुढची रांग मोठी आणि मागच्या सगळ्या बारीक होत जातात. त्याऐवजी लेन्स ५० वर न्या आणि वीस-पंचवीस पावले मागे जा. पुढच्या-मागच्या रांगा एकमेकींजवळ आल्यासारख्या दिसतात आणि लोंबत्या बोंबलांचा पडदाच तयार होतो. हा बदल लेन्सने केला असे वाटते. तो केला तुमच्या पावलांनी. वस्तूंचे एकमेकींशी प्रमाण फक्त तुम्ही किती अंतरावर उभे आहात त्यावर ठरते, फोकल लेंथ नुसती चौकट कापते. हे एकदा डोळ्यांनी पटवून घ्यायचे असेल तर तीच वलांडी १६ वर जवळून आणि ५० वर लांबून, पुढची काठी दोन्ही फोटोंत सारख्याच उंचीची ठेवून काढा आणि शेजारी-शेजारी पाहा.

५. चेहऱ्यासाठी लांब टोक. ५० मिमीवर, दीड ते दोन मीटरवरून, अॅपर्चर पूर्ण उघडे. सोनीला ते एफ/५.६ असेल, निकॉन-कॅननला एफ/६.३. पार्श्वभूमी विरघळून जाईल अशी आशा धरू नका, तेवढे या लेन्सच्या हातात नाही. पार्श्वभूमी लांब न्यायची. मावशींच्या मागे दीड मीटरवर भिंत असेल तर ती दिसणारच; त्याच मावशी खाडीकडे पाठ करून बसल्या आणि मागची बोट तीस मीटरवर असली, तर ती पुरेशी मऊ होते. बाजूला सरकून पार्श्वभूमी निवडणे हे लेन्स बदलण्यापेक्षा स्वस्त आणि बहुधा जास्त चांगले.

सावलीत बसवा. उन्हातल्या चेहऱ्याला डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. जाळी विणायच्या शेडची कड उत्तम: वर छप्पर, समोर उघडे आकाश.

६. शिरगावच्या किल्ल्यात सरळ रेषा सांभाळा. सातपाटीहून पालघरकडे परतताना शिरगाव वाटेवरच आहे. तटबंदी आणि बुरूज बऱ्यापैकी उभे आहेत, आत फांद्या फुटलेला रावणताड आहे. इथला धडा छोटा आहे. रुंद टोकाला कॅमेरा वर केला की बुरूज मागे पडल्यासारखे दिसतात. म्हणून कॅमेरा आडवा-उभा दोन्ही बाजूंनी सपाट ठेवा, व्ह्यूफाइंडरमधली लेव्हल चालू करा, आणि बुरूज मावत नसेल तर कॅमेरा वर न करता मागे जा. मागे जागा नसेल तर रुंद काढा आणि खालची जास्तीची जमीन घरी कापा. २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढी सवड असते.

सपाट भिंतीवरचे काही काढायचे असेल, विशेषतः वारली चित्र, तर १६ मिमी पूर्ण टाळा. मधली जागा, म्हणजे तीस-पस्तीस; सेन्सर भिंतीला समांतर; एफ/८. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि या भागातली चित्रे जगभर गेली, तरी घराच्या भिंतीवरचे चित्र त्या घरचे असते. विचारून काढा, आणि चित्रकाराचे नाव लिहून घ्या. गेरूच्या गडद भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या बारीक रेषा असतात. मीटर भिंतीकडे पाहून उजेड वाढवते आणि रेषा फुगतात. इथेही ०.७ ते १ ने कमी करा.

७. बोईसरला दुपार, आणि कुठे लेन्स खाली ठेवायची. पालघरहून बोईसर लोकलने दुसरे स्टेशन, मध्ये उमरोळी. डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ पासून धावते आणि कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की तिच्यातली गर्दी पाहण्यासारखी असते. भर दुपारचे ऊन मात्र फोटोला कठीण. बाजारातल्या ताडपत्रीखाली जा. निळ्या ताडपत्रीखाली सगळे निळे, लालखाली सगळे लाल होते. रॉ असल्याने रंग घरी सुधारता येतो, पण अर्धे तोंड ताडपत्रीखाली आणि अर्धे उन्हात असेल तर सुधारता येत नाही. माणसाला एक पाऊल आत यायला सांगा.

इथली महत्त्वाची गोष्ट कॅमेऱ्याची नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र भारतातले पहिले. १९६९ मध्ये त्याने व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. त्याच्या भोवतीचा परिसर संरक्षित आहे. केंद्राच्या इमारती, फाटके, कुंपण, पहारा यांचे फोटो काढायचे नाहीत, लांबून नाही, किनाऱ्यावरून नाही, ‘पार्श्वभूमीत आले’ म्हणूनही नाही. ड्रोनचा विषयच नको. किनाऱ्यावर उभे असताना चौकटीत काय येते आहे हे बटण दाबण्याआधी पाहण्याची जबाबदारी तुमची. एमआयडीसीतल्या रासायनिक, औषधी, पोलाद आणि कापडाच्या कारखान्यांबाहेरही तेच: फाटकावर विचारा, नाही म्हटले तर पुढे जा. स्टेशनवर फोटो काढायचे असतील तर आधी स्टेशनमास्तरांना विचारा, रुळांजवळ उतरू नका.

पाळी सुटताना रस्त्यावर सायकली, रिक्षा, डबे हातात घेतलेली माणसे दिसतात. तिथे मधल्या जागेवर, तीसच्या आसपास, लेन्स ठेवून चालत राहा. या फोकल लेंथला फोटो जसे डोळ्याला दिसले तसे येतात. बाकी काही करायला लागत नाही.

८. चिंचणीत डाय कोरणाऱ्यांकडे: लेन्सचे जवळचे टोक. चिंचणी-तारापूर आणि आसपासच्या गावांत दागिन्यांचे डाय, म्हणजे पोलादी साचे, कोरणारे कारागीर आहेत. घराच्या एका खोलीत, खिडकीपाशी टेबल, वाकवता येणारा दिवा, आणि समोर मुठीत मावेल असा पोलादाचा ठोकळा. ठोकळ्यावर पान, मोर, कळ्या उलट्या कोरायच्या. त्यावर धातूचा पातळ पत्रा दाबला की नक्षी उठते. मंगळसूत्राच्या वाटीपासून बांगडीपर्यंत कितीतरी दागिन्यांची सुरुवात अशा ठोकळ्यातून होते, आणि ही कला फार थोड्यांनी नीट टिपली आहे. माझ्या मते या भागातल्या छायाचित्रकाराने आधी इथे यावे.

ओळखीतून जा. नवे डिझाइन गिऱ्हाइकाचे असते, ते बाहेर जाणे कारागिराला परवडत नाही. ‘दादा, कुठला डाय काढलेला चालेल?’ असे आधीच विचारा आणि तोच काढा.

आता लेन्स. प्रत्येक लेन्सचे कमीत कमी फोकस अंतर वेगवेगळे असते आणि झूमप्रमाणे बदलते. सोनी १६-५० चे रुंद टोकाला २५ सेंटिमीटर, लांब टोकाला ३०. निकॉनचे २४ मिमीला २०, ५० मिमीला ३०. फुजीचे रुंद टोकाला १३ सेंटिमीटर. हे अंतर काचेपासून नाही, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या वर वर्तुळातून गेलेल्या रेषेची खूण असते, तिथून. सोनी-निकॉनवर ५० ला सगळ्यात जवळ गेलात की चौकटीत साधारण ११-१२ सेंटिमीटर रुंदीची जागा येते. चार-पाच सेंटिमीटरचा ठोकळा चौकटीच्या अर्ध्याहून कमी भरेल. तरी २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल असते. अर्धी कापली तरी ३००० उरतात, आणि दहा इंच रुंद प्रिंटला तेवढे पुरतात.

उजेड बाजूने हवा. समोरून उजेड पडला की पोलाद सपाट पत्र्यासारखे दिसते; खिडकी डाव्या हाताला घेतलीत की प्रत्येक कोरीव रेषेला एक कड उजळ आणि एक कड काळी मिळते. दिवा वापरायचा तर तो कारागिराला हवा तिथेच राहू दे, तुम्ही टेबलाभोवती फिरा. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा पिवळेपणा एकत्र आला की रंग बिघडतात. काम न थांबता दिवा दोन मिनिटे बंद करता येईल का ते विचारा.

अॅपर्चर एफ/८, कारण इतक्या जवळून फोकसची खोली मिलिमीटरांत असते. फोकस एका बिंदूवर आणा, चेहरा ओळखणे बंद करा, नाहीतर कॅमेरा भिंतीवरच्या तसबिरीकडे धावतो. फोकस छिन्नीच्या टोकावर. १/१२५, स्टॅबिलायझर चालू, कोपर टेबलाला टेकवायचे नाहीत. टेबल हलले तर कोरीव रेषा चुकते. श्वास सोडून बटण दाबा. मग हळूच रुंद टोकाला जा, दारापाशी उभे राहा आणि सगळी खोली घ्या: खिडकी, टेबल, वाकलेली पाठ, हत्यारांचा डबा. जवळचा आणि लांबचा, दोन्ही मिळून गोष्ट पुरी होते.

खोलीत उजेड कमी असेल तर गणित असे. ५० वर एफ/५.६ आणि १/१२५ ला कॅमेरा आयएसओ ६४०० मागत असेल, तर १६ वर एफ/३.५ ला तेच काम २५०० मध्ये होते. म्हणून अंधारात झूम करण्याऐवजी पुढे जा.

९. चिंचणीचा किनारा, सूर्यास्त. जाता जाता तारापूरच्या किल्ल्याची तटबंदी बाहेरून दिसेल. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजीआप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला. आत खासगी वाडी आहे, परवानगीशिवाय जायचे नाही.

ओहोटीला चिंचणीचा किनारा लांबच लांब ओला आणि सपाट होतो आणि आकाश खाली उतरते. लेन्सवर फिल्टर लावला असेल तर काढा. सूर्याची उलटी हिरवी प्रतिमा बहुधा त्यामुळेच येते. पुढची काच पुसून घ्या, मिठाचा एक ठिपकाही सूर्याभोवती धुरकट वलय आणतो. एक्स्पोजर १ ते १.३ ने कमी. सूर्य क्षितिजापासून दोन बोटे वर असताना लांब टोक आणि ओल्या वाळूवर चालणारी माणसे. बुडाल्यानंतर वीस मिनिटे रुंद टोक आणि रंग. बहुतेक लोक सूर्य बुडाला की गाडीकडे वळतात, थांबणाऱ्याला चांगला फोटो मिळतो. या वेळी स्थिर दृश्याला १/१५ पर्यंत हातावर निभावते, चालत्या माणसाला नाही.

१०. लेन्स मिटण्याआधी साफ करा. हे अगदी न चुकता. मिटणारी नळी आत जाताना आपल्या अंगावरचे मीठ आणि वाळू आत घेऊन जाते. या लेन्सना बहुधा पाण्या-धुळीपासून संरक्षण नसते. म्हणून किनाऱ्यावरच, नळी बाहेर असताना, कॅमेरा तोंड खाली करून पंपाने हवा मारा, मग जेमतेम ओलसर फडक्याने नळी फिरवून पुसा, कोरडी करा आणि मगच मिटा. मोटरवाल्या लेन्समध्ये स्विच बंद केला की नळी आत जातेच, तेव्हा आधी पुसा, मग बंद करा. किनाऱ्यावर लेन्स कॅमेऱ्यावरून काढायची नाही.

पावसाळ्यात वाघोबा खिंडीच्या धबधब्यांकडे जाणार असाल तर झिपची पिशवी लागते. गाडीतल्या एसीतून एकदम बाहेर काढलेल्या लेन्सवर वाफ धरते; पिशवीत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबा. घरी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू दे. आपल्या हवेत नुसती कॅमेऱ्याची बॅग कपाटात ठेवली तर एका पावसाळ्यात काचेवर बुरशी धरू शकते, आणि मिटणाऱ्या छोट्या लेन्सची आतली काच साफ करायचा खर्च कित्येकदा नव्या लेन्सच्या जवळ जातो.

११. पुढची लेन्स घेण्याआधी आकडे वाचा. प्रत्येक फोटोत फोकल लेंथ, अॅपर्चर, आयएसओ नोंदलेले असते. दोन-तीन महिन्यांनी निवडलेले फोटो वेगळे काढा आणि फोकल लेंथप्रमाणे लावा. पन्नासवर ढीग असेल आणि तरीही तुम्ही कडा कापत असाल, तर सोनी-कॅननची ५५-२१० किंवा निकॉनची ५०-२५० घ्या. ढीग तीसच्या आसपास असेल आणि आयएसओ सतत ६४०० ला टेकत असेल, तर तुम्ही घरांच्या आत काम करता. सोनीची ३५ मिमी एफ/१.८ किंवा निकॉनची २४ मिमी एफ/१.७ तुमच्या कामाची. सोळावर ढीग असेल तर आधी पाहा की त्यातल्या किती फोटोंत पुढे काही आहे. नसेल तर आणखी रुंद लेन्सने रिकामी जमीनच वाढेल. आणि ढीग तिन्ही जागांवर वाटला गेला असेल, तर लेन्सचे पैसे राखून ठेवा आणि त्यातले थोडे पालघरच्या एखाद्या स्टुडिओत चार बाय सहाचे प्रिंट काढण्यावर खर्च करा. ज्यांचे फोटो काढलेत त्यांची नावे वहीत आहेत, गावे माहीत आहेत, आणि पुढच्या वेळी त्याच दारात जायचे आहे.